दारावरच्या दिव्याने ऐकलेले गाणे

मी एक जुना लाल दिवा आहे. छे, मित्रांनो, बड्या लोकांच्या गाडीवर बसून तोरा मिरवणारा तो नव्हे! मी एका गाण्यांच्या स्टुडिओच्या दारावर तेहतीस वर्षे टांगलेला, वीतभर उंचीचा साधा दिवा. माझ्या डोक्यावर पत्र्याची टोपी आहे आणि माझ्या काचेत डाव्या अंगाला मसुराच्या दाण्याएवढा एक बुडबुडा आहे. माझी कथा त्या बुडबुड्यापासूनच सुरू होते.

बसगाड्यांचे मागचे दिवे बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. काच भट्टीत वितळली, तिच्यात लाल रंग मिसळला, साचे बंद झाले आणि आम्ही दोनशे भावंडे एका सकाळी एकदमच जन्माला आलो. तपासणीच्या टेबलाशी जाड चष्म्याच्या एक बाई बसत. त्या प्रत्येकाला उजेडासमोर धरत, टिचकी मारत आणि पुढे सरकवत. माझ्यापाशी त्यांचा हात थांबला.

"याच्या पोटात हवा राहिली. गाडीमागे हादरे बसले की फुटेल हा. कुठे स्वस्थ बसायचं काम असेल तर द्या याला," त्या म्हणाल्या.

माझी भावंडे बसगाड्यांच्या पाठीवर बसून जग बघायला निघून गेली. मी खोक्यात राहिलो. मला फार वाईट वाटले, हे लपवून काय उपयोग?

मग एके दिवशी एक किडकिडीत तरुण गृहस्थ आले. त्यांनी नाकारलेल्या दिव्यांचे खोके उपसले आणि एकेकाला वीज जोडून चक्क कानाशी धरायला सुरुवात केली. कारखान्यातले लोक हसू लागले. दिवा बघतात की ऐकतात? पण ते गृहस्थ शांतपणे प्रत्येकाला ऐकत आणि बाजूला ठेवत. कुणी बारीक गुणगुणत होता, कुणी किर्र करत होता. मला त्यांनी बराच वेळ कानाशी धरले. मग ते खुलले.

"हा अजिबात बोलत नाही. हाच हवा मला."

माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक. ज्या बुडबुड्यापायी मी नापास झालो, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही.

ते गृहस्थ ध्वनिमुद्रक होते. म्हणजे गायकाचा आवाज यंत्रात पकडून ठेवणारे. त्यांनी स्वतःचा छोटा स्टुडिओ थाटला होता, पहिल्या मजल्यावर, एका लांबट पॅसेजच्या टोकाला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते बोटाने खूण करून "हळू, हळू" म्हणत. त्यामुळे लोक त्यांना हळूकाका म्हणू लागले, आणि पुढे त्यांचे खरे नाव टपालवाल्यालाही आठवेनासे झाले.

माझे काम सोपे होते. आत गाणे सुरू झाले की मी पेटायचे. मी पेटलो की बाहेर कुणी हूं की चूं करायचे नाही आणि दाराला हात लावायचा नाही. आत गाणे संपले की मी विझायचे. बस्स, एवढेच.

पण मित्रांनो, या एवढ्याशा कामात मी जे पाहिले, त्याने मी आजही थक्क होतो. मी पेटलो की जग थांबायचे! जिन्यावरून येणाऱ्याचा पाय हवेत तरंगत राही. हातातला चहाचा कप ओठांशी येऊन थबके. वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड हलत होते तेव्हा दोन दणकट हमाल लोखंडी कपाट पाठीवर घेऊन उतरत होते. नेमका मी पेटलो. ते दोघे कपाटासकट चार मिनिटे जिन्यावर उभे राहिले. घाम नाकावरून टपटपत होता, पण एकानेही उसासा टाकला नाही. मी विझलो तेव्हा पुढचा हमाल कुजबुजला, "कोण गात होतं रे आत?" मागचा म्हणाला, "कोणी का असेना. गाणं होतं ना?" त्यांच्या त्या बोलण्याचे मला आजही नवल वाटते. गाणे कुणाचे हे ठाऊक नाही, ऐकूही येत नाही, आणि तरी माणूस पाठीवर कपाट घेऊन उभा राहतो.

आता एक गंमत सांगतो. गंमत कसली, माझे दुःखच ते. मी दाराच्या बाहेर होतो. दार हातभर जाडीचे, कडांना रबर लावलेले. ते बंद झाले की आतला आवाज मुंगीएवढाही बाहेर येत नसे आणि बाहेरचा आत जात नसे. तरी गाण्याचा मान म्हणून बाहेर शांतता हवीच, असे काका म्हणत. म्हणजे वर्षानुवर्षे मी गाण्यांची राखण केली, आणि त्यांतले एकही गाणे मी ऐकलेले नव्हते! गाणे कसे झाले ते मला बाहेर येणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवरून कळे. कुणी खुशीत चपला उलट्या घालून जाई, कुणी बाकावर बसून भिंतीकडे बघत राही. एवढ्यावरच मी अंदाज बांधत असे.

माझ्या वाट्याला काय आले, सांगू? भांडणे. हळूकाकांचा कडक नियम होता, "भांडायचं असेल तर बाहेर. भांडण खोलीत मुरतं, मग गाण्याला वास येतो." त्यामुळे तबलजी आणि संगीतकार, कवी आणि गायक, सगळे भांडायला माझ्या खाली यायचे. गाणी आत आणि तंटे बाहेर, अशी आमची वाटणी झाली होती.

पॅसेजमध्ये एक लाकडी बाक होता, चपलांची फळी होती आणि कोपऱ्यात हात धुवायचे बेसिन होते. त्या बेसिनचा नळ गळायचा. रात्रंदिवस टप, टप. काकांनी नळाच्या तोंडाला एक सुती दोरा बांधून खाली सोडला होता. थेंब दोऱ्यावरून निमूट घसरायचा आणि आवाज व्हायचा नाही. नळ दुरुस्त का करत नाही, असे कुणी विचारले की काका म्हणत, "गप्प केलाय ना? मग गळू दे बिचाऱ्याला." हा नळ लक्षात ठेवा, मित्रांनो.

आणखी एक रीत लक्षात ठेवा. गाणे झाले की काका लगेच कुणाला हलू देत नसत. "आता खोलीची शांतता घेऊ," म्हणत. मग सगळे पुतळ्यासारखे बसायचे आणि यंत्र एक मिनिटभर नुसती शांतता टिपायचे. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. गाण्यात कुठे फट राहिली तर तीच शांतता तिथे भरावी लागते, दुसरीकडची चालत नाही. तेवढा वेळही मी पेटलेला असे. काहीच न वाजणे हेसुद्धा जपून ठेवण्यासारखे असते, हे मला तिथे समजले.

अशी बरीच वर्षे गेल्यावर एक दिवस जिन्यावरून मावशी आणि भोंगी आल्या.

भोंगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती, मागच्या कोरसात गायला आली होती. भोंगी हे तिचे घरचे नाव. लहानपणी ती इतक्या मोठ्याने गायची की शेजारचे भिंत ठोकायचे, म्हणून मावशीने ते ठेवले होते. तिला आईवडील नव्हते. मावशीनेच तिला वाढवले होते. मावशी कपडे धुण्याच्या एका मोठ्या दुकानात इस्त्री करायची. तिच्या मनगटांवर चटक्यांच्या बारीक रेघा होत्या आणि तिच्या तोंडावर सदा हसू असायचे. भाची आत गेली की ती बाकावर बसून कुणाच्या तरी शर्टाला गुंडी लावत बसे. मी पेटलो की तिची सुई हवेतच थांबे. सुईने तरी काय आवाज होणार! पण ती थांबवायची. आम्ही दोघे बाहेरचे राखणदार. मला ती फार आवडायची.

भोंगी बघता बघता कोरसातून पुढे आली. एका गाण्याच्या कंपनीने तिच्याशी करार केला. ती पॉप गायिका झाली, तिचे फोटो बसथांब्यांवर लागले. पण ती गात होती ती सारी कंपनीने दिलेली गाणी. चार वर्षांनी तिने पहिल्यांदा स्वतःचे गाणे लिहिले, चाल लावली आणि आमच्याकडे येऊन ते ध्वनिमुद्रित केले. ते एकच गाणे सुटे बाजारात यायचे होते. असल्या गाण्याला ते लोक सिंगल म्हणतात. त्या दिवशी आतून बाहेर आलेले चेहरे मी विसरणार नाही. वादक चपला हातात घेऊनच जिना उतरले. हळूकाका दाराला पाठ टेकून उभे राहिले आणि त्यांनी चष्मा दोनदा पुसला. आत काय झाले असेल? मी काचेच्या आत नुसता तळमळत होतो. मावशीने विचारले, "कसं झालं गं?" भोंगी म्हणाली, "तुला नंतर ऐकवीन. नीट, घरी. घाई नको."

पण घाई कंपनीला होती.

चार दिवसांनी कंपनीचे प्रसिद्धीप्रमुख आले. चकचकीत बूट, प्रत्येक पावलाला कुईंकुईं वाजणारे. काकांनी आधी ते बूट काढायला लावले. साहेबांच्या डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होते. ते झाकायला त्यांनी एक पाय दुसऱ्यावर ठेवला आणि बाकावर बसून बोलू लागले. मावशी त्या दिवशी कामावर गेलेली होती.

"मॅडम, गाणं उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण नुसतं उत्तम असून भागत नाही हो. दर आठवड्याला ढीगभर उत्तम गाणी येतात आणि कुठे जातात कुणाला कळतही नाही. लोकांना गाण्यामागची गोष्ट लागते."

"गोष्ट गाण्यातच आहे, सर."

"साडेतीन मिनिटं थांबतो कोण? मला वीस सेकंद द्या. तुमच्या मावशी पहिल्यांदा गाणं ऐकतायत. समोर कॅमेरा. त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. बस्स! ती चित्रफीत आधी सोडायची, मग गाणं."

भोंगीचा चेहरा उतरला. मग हळू आवाजात म्हणाली, "सर, तुम्हाला एक सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. मी लहान असताना मावशी कामावरून आली की आधी न्हाणीघरात जायची. 'आलेच मी,' म्हणायची, कडी लावायची आणि नळ सोडायची. बादली भरून वाहायला लागायची, तरी नळ चालूच. मग तोंड पुसत, हसत बाहेर यायची. मला वाटायचं, हिला पाण्यात खेळायला आवडतं. सातआठ वर्षांची झाले तेव्हा कळलं, नळ कशासाठी असतो ते. रडणं ऐकू येऊ नये म्हणून. तिला अजून माहीत नाही, की मला माहीत आहे. हे गाणं त्याचं आहे. ते मी तिला कॅमेऱ्यासमोर सांगू?"

साहेब मोज्याचे भोक झाकायचेही विसरले. मला वाटले, यांना पटले. मग त्यांचे डोळे लकाकले.

"अहो मॅडम, हेच! हेच तर हवंय मला!"

मित्रांनो, मी दिवा आहे, मला हात नाहीत. नाहीतर मी काय केले असते, सांगवत नाही.

भोंगीने साफ नकार दिला. साहेबही हट्टाला पेटले. चित्रफीत नसेल तर जाहिरात नाही, जाहिरात नसेल तर कंपनी गाणे बाहेर काढणार नाही. गाणे कपाटात जाईल. आणि करारात लिहिलेच होते, की कंपनीने गाणे बाहेर काढल्याशिवाय ते कुठल्याही मंचावर म्हणायचे नाही. "मी वाईट माणूस नाही हो," साहेब बूट घालताना म्हणाले, आणि ते खरेही असावे. "पण मलाही वर तोंड दाखवायचं असतं. शुक्रवारी दुपारी कॅमेरा घेऊन येतो. तोवर विचार करा."

त्यांनी जाताना एक गोष्ट केली. मावशीला फोन करून चित्रफितीचे तेवढे सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी मावशी तावातावाने जिना चढून आली. "अगं भोंगे, एवढंच ना? मी गाणं ऐकायचं आणि रडायचं? मग अडलंय कुठे? मी रडते की!"

"नाही मावशी."

"नाही काय? तुझं गाणं कपाटात टाकतील म्हणतात. पहिलं गाणं तुझं! त्यापुढे माझ्या दोन टिपांची काय मातब्बरी? कसं रडायचं तेवढं सांग. आवाज काढून, की नुसतंच पाणी?"

भोंगीला हसू आले. पण आपण नको का म्हणतो, ते तिला सांगता येईना. ती "पाणी पिऊन येते" म्हणून खाली निघून गेली. मावशी बाकावर एकटी राहिली. तिने इकडेतिकडे पाहिले, पदर डोळ्यांना लावला आणि रडण्याची तालीम सुरू केली. तोंड वाकडे केले, नाक ओढले, हुंदका काढून पाहिला. काही केल्या जमेना. शेवटी तिला स्वतःचेच हसू फुटले. मग ती पुटपुटली. तिथे कुणी नव्हते, मी एकट्याने ऐकले.

"नळाशिवाय काही जमायचं नाही बाई."

माझ्या काचेतून सरसरून काहीतरी गेले. इतक्या वर्षांत कितीतरी विजेचे धक्के खाल्ले, पण हा निराळाच.

गुरुवारी भोंगी एकटी आली आणि काकांजवळ बसली. तिचा निश्चय डळमळीत झाला होता. "काका, वीस सेकंदांचाच तर प्रश्न आहे. ती स्वतः तयार आहे. गाणं लोकांपर्यंत जाईल. मी उगीच ताणतेय का?"

काका बराच वेळ नळाच्या दोऱ्यावरून उतरणारा थेंब बघत होते. "मी काय सांगू? मी आवाज पकडणारा माणूस. एवढं मात्र खरं, की पहिल्यांदा ऐकणं एकदाच होतं. ते पुन्हा घेता येत नाही."

भोंगीने मान वर केली. "मग ते माझ्याकडेच राहू दे. गाणं जाऊ दे कपाटात."

"नक्की?"

"नक्की. पण काका, ते उद्या इथे टपकणारच. मावशी त्यांच्या हाती लागली की ती त्यांना नाही म्हणायची नाही. आणि त्यांच्याआधी तिला ऐकवायला मला वेळच नाही. आज तिची दुकानात रात्रपाळी आहे, उद्या ती कामावरून थेट इथे येणार आहे."

"गाणं केवढं आहे?"

"साडेतीन मिनिटं."

"हं," काका म्हणाले. "उद्या खोलीची शांतता घ्यायचीच आहे मला. कॅमेरे आले की खोली बदलते. मी दार लावून घेईन, चार मिनिटं. आत कुणी हलणार नाही, आणि बाहेरचं कुणाला ऐकू येणार नाही. करारात मंच लिहिलंय ना? पॅसेज म्हणजे काही मंच नव्हे."

शुक्रवार उजाडला. दुपारी साहेब आले, दोन कॅमेरेवाले आले, दिव्यांची तिवई आली. काकांनी सगळ्यांचे बूट काढून घेतले. आत खुर्ची मांडली, कानाला लावायचा हेडफोन ठेवला. मावशी धावतपळत आली, अंगाला इस्त्रीच्या वाफेचा वास, केस नीट विंचरलेले, हातात घडी केलेला रुमाल. "रडायला आणलाय," तिने भोंगीला दाखवला. साहेब दारातून डोकावून म्हणाले, "मावशी, या आत."

"थांबा," काका म्हणाले. "आधी खोलीची शांतता. त्याशिवाय मी कुणाला आत घेत नाही. तुम्ही मंडळी बसा. मावशी बाहेरच बरी, तिच्या बांगड्या वाजतात."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात काकांनी ओठांवर बोट ठेवले. दार बंद झाले. आणि मी पेटलो.

मी पेटताच मावशीने सवयीने बांगड्या मुठीत धरल्या. भोंगी तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिने मावशीच्या गुडघ्यांवर हात ठेवले आणि ती गायला लागली.

"अगं, दिवा! दिवा लागलाय!" मावशी भेदरून कुजबुजली.

"लागू दे," भोंगी म्हणाली.

मित्रांनो, मी हादरलो. मी पेटलेला असताना पॅसेजमध्ये आवाज! पहिल्या दिवसापासूनचा नियम माझ्या डोळ्यांदेखत मोडत होता. आणि मग मला उमगले, की नियम मोडत नव्हता. आज शांतता आत होती आणि गाणे बाहेर होते. इतकी वर्षे ज्याची मी पाठमोरी राखण केली, ते वळून माझ्यासमोर येऊन बसले होते. वाद्य नाही, यंत्र नाही, फक्त तिचा आवाज. हे असे असते का गाणे? माणसाच्या छातीतून निघते, हवेत उभे राहते आणि भिंतीसुद्धा ऐकायला लागतात? हमाल कपाट घेऊन का उभे राहिले होते, ते मला त्या क्षणी कळले.

*नळ सोडून म्हणायचीस तू, आलेच मी, थांब जरा,*
*पाण्यामागून यायचा बाहेर हसरा, ओला चेहरा.*

मावशीचे हसू तोंडावर तसेच राहिले, पण तिचे हात थांबले. ती भोंगीकडे बघत होती. बघता बघता तिला समजत गेले. भोंगीने डोळे हलवले नाहीत. शेवटचे कडवे आले.

*दाराबाहेर बसून मी थेंब थेंब मोजायचे,*
*तुला कळू नये म्हणून मोठ्यामोठ्याने गायचे.*

म्हणून ती मोठ्याने गायची! सातआठ वर्षांची पोर न्हाणीघराच्या दाराशी बसून, आपल्याला ऐकू येते हे मावशीला कळू नये म्हणून, शेजाऱ्यांनी भिंती ठोकेपर्यंत गात होती. आणि मावशी आत नळ सोडून, तिला कळू नये म्हणून. दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट इतकी वर्षे लपवत होत्या. मी दाराबाहेरचा दिवा. दाराबाहेर बसणे काय असते, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

गाणे संपले. मी पेटलेलाच होतो.

मावशी उठली आणि सरळ बेसिनपाशी गेली. तिने नळ सोडला. पाणी धो धो वाहू लागले. ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. भोंगीने मान खाली घातली. मला वाटले, संपले, ही पुन्हा पाण्यामागे गेली.

मग मावशीचा हात वर आला आणि तिने नळ बंद केला. घट्ट पिळून बंद केला. वळली, येऊन बाकावर बसली आणि भाचीच्या खांद्यावर डोके टेकून रडली. आवाज काढून रडली. रुमाल घडी केलेलाच हातात राहिला. भोंगी एवढेच म्हणत होती, "आलेच ना मी. आलेच ना."

मी जमेल तितका लाल झालो. माझ्या अंगात होती नव्हती ती सारी वीज मी काचेवर आणली. कुणी दार उघडू नये, कुणी जिना चढू नये, बुडबुडा फुटला तर फुटो, पण आत्ता मी विझू नये, असे मला वाटत होते. आणि खरेच, चार मिनिटे उलटली तरी मी विझलो नाही. मी साडेसहा मिनिटे पेटलेला होतो. काका पुढे सांगत, "एक खुर्ची करकरली, पुन्हा घ्यावी लागली शांतता." त्या खोलीत करकरणारी खुर्ची कधीच नव्हती, हे मला पक्के ठाऊक आहे.

दार उघडले. साहेब मोज्यांवर बाहेर आले. "या मावशी, सगळं तयार आहे."

मावशीने नाक पुसले आणि हसली. "साहेब, तुम्हाला उशीर झाला. माझं रडून झालं. आता पुन्हा नाही येणार. हसू हवं असेल तर देते हवं तेवढं."

साहेबांना सारे कळायला वेळ लागला नाही. ते काकांवर चिडतील, असे वाटले होते. पण ते बाकावर बसले आणि बुटाची नाडी बांधू लागले. कितीतरी वेळ बांधत होते. "आत..." ते म्हणाले, "आत इतकं शांत होतं, की मला माझी छाती ऐकू येत होती. तुमच्याकडे नेहमीच असं असतं?" काकांनी मान डोलावली. साहेब भोंगीकडे वळले. "चित्रफीत नाही म्हणजे जाहिरात नाही, मॅडम. ते माझ्या हातात नाही."

"ठीक आहे, सर."

गाणे कपाटात गेले. वर्ष सरत आले तरी त्याचे नाव नव्हते. मग कुणाचे तरी दुसरे गाणे वेळेवर तयार झाले नाही, म्हणून त्याच्या जागी हे सोडून दिले, असे काका सांगत. ना फोटो, ना गोष्ट, ना बसथांब्यावर चित्र. ते कुणी सुचवले, मला ठाऊक नाही. पण त्या आठवड्यात साहेब वाजणारे बूट जिन्यातच काढून येऊन गेले, आणि बाकावर पाच मिनिटे नुसते बसले होते.

गाण्याचे पुढे काय झाले, मला कोण सांगणार? पण एके दिवशी वीजवाला माझा बल्ब बदलायला शिडीवर चढला. मला उघडता उघडता तो गुणगुणू लागला. माझा विश्वास बसेना. मला जगातले एकच गाणे येते, मित्रांनो, आणि तो नेमके तेच गुणगुणत होता! मग पाण्याचे जार आणणारी बाई. मग जिना झाडणारा. सगळे आपापल्या तंद्रीत, आपापल्या सुरात. कुणालाही मावशी ठाऊक नव्हती. तरी प्रत्येकाचा सूर नळाच्या त्या एका ओळीशी हळवा व्हायचा. त्यांच्याही घरी नळ असतीलच.

त्यानंतर माझे दिवस फिरले. दारावर नवी, अक्षरे पळणारी पाटी आली. मला काढून जुन्या वायरींबरोबर खोक्यात टाकले. चार वर्षे मी तिथे धूळ खात पडलो होतो. काका निवृत्त झाले, त्या दिवशी मावशी आली आणि तिने दुसरे काही मागितले नाही, मला मागितले. आता मी तिच्या घरात, न्हाणीघरासमोरच्या भिंतीवर असतो. मला वीज जोडलेली नाही. भोंगी गायला बसते ती खोली शेजारीच आहे आणि तिचे दार उघडे असते. मी एकूण एक गाणे ऐकतो. इथला नळ कामापुरताच वाहतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिच्यावरची धूळ अधूनमधून पुसा. फक्त आम्हा दिव्यांना ओले फडके लावू नका. आणि घरात कधी नळ उगाच वाहताना ऐकू आला, तर पाणी वाया जाते म्हणून ओरडण्याआधी क्षणभर दाराशी थांबा. आत कुणी असेल. दार वाजवू नका, आत डोकावू नका. नुसते बाहेर बसून राहा, आणि येत असेल तर एखादे गाणे म्हणा. जरा मोठ्याने म्हणा.